दिराच्या दुकानातल्या गोळ्या

कुणी माझ्या हातावर गोळी ठेवली की मी आधी देणाऱ्याच्या तोंडाकडे बघते, मग गोळीकडे. हा स्वभाव आजाराने दिलेला नाही, आधीपासूनचाच आहे. कापड आटणार नाही असं दुकानदाराने शपथेवर सांगितलं तरी मी ते पाण्यात घालून बघितल्याशिवाय कात्री लावत नाही. आमचे हे म्हणतात, "हिला देवानं समोर येऊन प्रसाद दिला तर ही आधी वास घेईल." बोलणं खोटं नाही.

मी कलबुर्गीकडच्या मन्नाएखेळ्ळीत बायकांचे ब्लाउज शिवते. हमरस्त्याला लागून आमची शेजारी-शेजारी दोन दुकानं आहेत. एक माझ्या नवऱ्याचं किराणा, दुसरं धाकट्या दिराचं, सिद्रामचं मेडिकल. मागे घर एकच, चुली दोन. माझं मशीन किराणा दुकानाच्या कोपऱ्यात. मी लग्न होऊन आले तेव्हा सिद्राम सातवीत होता, म्हणून मी त्याला अजून अरेतुरे करते आणि तो मला 'वैनी' आणि 'तुम्ही' म्हणतो.

गेल्या वर्षी मला स्तनाचा कर्करोग निघाला. सलाइनमधून द्यायची काही औषधं, मग ऑपरेशन, मग उरलेली औषधं, असं सगळं झालं, आता तपासणीपुरती कलबुर्गीला जाते. उपचारांची माहिती डॉक्टर देतील, ती माझ्याकडून घेऊ नका. मी लिहितेय ते 'मला हे कुणामुळे झालं?' या प्रश्नाबद्दल. या प्रश्नाच्या मागे मी सात महिने हात धुऊन लागले होते. त्यात घर फुटायची वेळ आली, आणि ती मी आणली होती.

नऊ वर्षं

शिवणकाम करणाऱ्या बाईला पाठ आणि गुडघे हे दोन शत्रू असतात. लग्नसराईत मी दिवसाला सात-आठ ब्लाउज काढायची. पायाने मशीन मारून गुडघे सुजायचे. दोन्ही दुकानांच्या मधल्या भिंतीत एक खिडकी आहे. मी मशीनवर बसल्या बसल्या खिडकीतून हात पुढे करायची आणि सिद्राम त्यावर दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी ठेवायचा. सूजही उतरवणारी गोळी होती ती. सकाळी एक, कामाची गर्दी असली की संध्याकाळी दुसरी. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही. घरचंच मेडिकल, विचारणार कोण?

असं नऊ वर्षं चाललं. अधूनमधून पोटात जळजळ झाली तर त्याचीही गोळी त्याच खिडकीतून.

करडगी

आम्ही बसवण्णांना मानणारे. लग्नाच्याही आधीपासून माझ्या गळ्यात इष्टलिंग आहे, चांदीच्या डबीत. त्या डबीला आमच्याकडे करडगी म्हणतात. ते अंगावेगळं करायचं नसतं. आंघोळ असो, बाळंतपण असो, ते छातीवर असतं.

मशीनवर वाकलं की करडगी माझ्या डाव्या छातीवर दाबली जायची. तिथंच एक दिवस बोटाला हरभऱ्याएवढं काहीतरी कडक लागलं. मला वाटलं, करडगी रुतून रुतून घट्टा पडला असेल. कात्री धरून माझ्या अंगठ्याला पडलाय, तसाच. मी दोरा चार बोटं लांब केला. हरभऱ्याचं बोर झालं तेव्हा करडगी उजवीकडे सरकवून घेतली. हळद-तेल चोळलं. गाठ तिथंच राहिली, पण ती दुखत नव्हती, आणि जे दुखत नाही त्याच्यामागे धावायला मला वेळ नव्हता.

खरं सांगायचं तर अजून एक गोष्ट होती. डॉक्टरकडे गेलं की ते गळ्यातलं सगळं काढायला लावणार, हे मला माहीत होतं. करडगीने झालेल्या घट्ट्यासाठी करडगीच काढून टेबलावर ठेवायची, हे मनाला पटेना. मी देवाला सांभाळत बसले.

पुढे काखेत ओढल्यासारखं व्हायला लागलं. गोळी घेतली की ते जायचं.

निदानाचा दिवस

माझी मुलगी रेणुका कलबुर्गीला बी.एड. करत होती. सुट्टीला आली तेव्हा माझा हात वर जाईना म्हणून ती माझ्या अंगाला तेल लावायला बसली. तिचा हात चालता चालता थांबला.

"अम्मा, ही कातडी अशी आत कामून गेलीय?"

"करडगीनं."

"करडगीनं कातडी आत जाती व्हय?"

तिने तेलाची वाटी बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी हुमनाबादवरून जाणाऱ्या बसमध्ये मी तिच्याशेजारी बसलेली होते आणि माझी बॅग तिच्या मांडीवर होती. मी पळून जाईन असा तिला संशय असावा. संशय घेण्यात ती माझ्यावर गेलीय.

छातीचा फोटो काढायच्या यंत्राच्या खोलीतल्या मुलीने गळ्यातलं काढायला सांगितलंच. मी करडगीवर हात ठेवला. तिने करडगी बघितली, माझं तोंड बघितलं आणि कन्नडमध्ये म्हणाली, "अक्का, काढून मुठीत धरा. तुमच्या हातातच राहू द्या." एवढंच होतं. ज्या गोष्टीला मी महिनोन् महिने घाबरले ती एका वाक्यात मिटली. मूठ घट्ट आवळून मी उभी राहिले आणि मला स्वतःचा इतका राग आला की यंत्र दाबत होतं तेही फारसं कळलं नाही.

सुईने तपासणी झाली, चार दिवसांनी परत बोलावलं. डॉक्टरीणबाई मधल्या वयाच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं. मला फक्त आठवतं की त्यांच्या मागच्या कॅलेंडरवरची तारीख कालचीच होती, आणि मी विचार करत होते की इथे एवढे लोक येतात, कुणाला पान फाडायला सुचत नाही.

मग त्यांनी विचारलं, नेहमी काही औषध चालू आहे का?

"दुखण्याच्या गोळ्या," मी म्हणाले. "नऊ वर्षं झाली."

त्यांचा पेन थांबला. जरासाच, आणि मग पुन्हा चालू लागला. पण मी बघितलं होतं.

पोलीस

त्या थांबलेल्या पेनवर मी अख्खा खटला उभा केला.

घरी आल्यावर यांनी विचारलं, "काय म्हणाली डॉक्टरीण?" मी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले की गोळ्यांचं ऐकून ती गप झाली.  हे म्हणाले, "सिद्रामनं दिलेल्या गोळ्या?"

मी म्हणाले, "व्हय."

तो एक शब्द पुरला. हे उठून शेजारी गेले. मी भिंतीतून ऐकत होते. "माणसाला इचारून द्यायचं असतं का न्हाई? नऊ वर्षं काय चारायलास तू माझ्या बायकोला?" सिद्रामचा आवाजच आला नाही. त्या दिवसापासून भावाभावांचं बोलणं बंद झालं. यांनी खिडकीसमोर तांदळाची पोती रचली. सिद्रामने एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही, आणि आरोपी गप बसला की पोलिसाची खात्री पटते, तशी माझी पटली.

'पोलीस' हे नाव मला वॉर्डात पडलं. ठेवलं दुबलगुंडीच्या शोभाताईंनी. त्या अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, खणखणीत आवाजाच्या. आमच्या दोघींचे औषधाचे दिवस एकच असायचे. सकाळी रक्त द्यायचं, नंबर लागायची वाट बघायची, मग खुर्चीत बसून तीन-चार तास थेंब मोजायचे. त्या वेळात मी माझी मापाची वही उघडायची. एका पानावर मी दोन रकाने पाडले होते. शेजारी जी बाई येईल तिला विचारायचं, "तुम्ही दुखण्याच्या गोळ्या खायचात का? किती वर्षं? कुठून आणायचात?" हो म्हणाली तर डावीकडे काडी, नाही म्हणाली तर उजवीकडे.

शोभाताईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "उभ्या जल्मात न्हाई घेतली. डोस्कं दुखलं तर पदर बांधून पडायची मी."

मी उजवीकडे काडी मारली.

"थांब की," त्या म्हणाल्या. "तुला गोळीनं झाला म्हणायलीस. मग मला कुणी दिला? माझं पण लिही की तुझ्या वहीत."

 बाजूची परिचारिका हसली. डावीकडच्या आणि उजवीकडच्या काड्या जवळपास सारख्याच निघत होत्या, पण मी वही बंद केली नाही. मी मनाशी म्हणत होते की उजवीकडच्या बायका विसरत असतील. गोळी खाल्लेली बाई कुठे लक्षात ठेवते?

थुंकलेली गोळी

ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस. काखेजवळून नळी बाहेर आलेली, तिला लटकवलेली बाटली, आणि श्वास घेतला तरी टाक्यांत कळ. परिचारिकेने कागदी कपात गोळी दिली. मी विचारलं, कशाची. ती म्हणाली, दुखण्याची. मी पाणी प्यायले आणि ती वळल्यावर गोळी हातरुमालात थुंकली.

असं दोनदा केलं. तिसऱ्या वेळेला मी दातांवर दात दाबून कण्हत होते ते शेजारच्या खाटेवरून शोभाताईंनी बघितलं. त्यांचंही ऑपरेशन त्याच आठवड्यात झालेलं.

"ए पोलीस," त्या म्हणाल्या, "आता कुणाला शिक्षा द्यायलीस? त्या गोळीला का सोताला?"

त्यांनीच परिचारिकेला हाक मारली. ती रागावली नाही, पण मी गिळेपर्यंत उभी राहिली आणि तोंड उघडून दाखवायला लावलं, लहान पोराला लावतात तसं. अर्ध्या तासाने मला झोप लागली. गोळीने बरं वाटलं याचाही मला संशय आला, हे सांगायला लाज वाटते, पण आला.

घर

आमचे हे लग्न झाल्यापासून कधी चुलीपुढे बसले नव्हते. माझ्या आजारात ते ज्वारीची भाकरी थापायला शिकले. पहिल्या काही भाकऱ्या खायला ताकद लागायची, पण मी खाल्ल्या. औषधाने केस गेले तेव्हा यांनी माझ्यासाठी मऊ सुती कापड आणलं आणि कापड आधी पाण्यात घालून बघितलं. दर फेरीला बसमध्ये खिडकीची जागा धरून मला बसवायचे आणि स्वतः उभे राहायचे. मला उलटी आली तर पिशवी धरायचे. मला हे सगळं हवं होतं. लग्नानंतर इतकं कुणी माझ्याकडे बघितलंच नव्हतं.

आणि घरात, अंगणात, सिद्राम माझ्यासमोरून मान खाली घालून जायचा. त्याच्या बायकोने एकदा कण्या शिजवून पाठवल्या, त्या मी तशाच परत पाठवल्या. का, ते तिने विचारलं नाही.

शेवटच्या औषधानंतर एक दिवस जेवताना हे म्हणाले, "सोमवारी गवंडी यायलाय. खिडकी बुजवून टाकतो. अंगणात पण भिंत घालू. शेजारी असा माणूस नको."

घास माझ्या हातात राहिला. तो दिवस गुरुवार होता. शुक्रवारी माझी तपासणी होती.

डॉक्टरांचं उत्तर

शुक्रवारी मी डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं. त्यांना मराठी समजतं, त्या उत्तर कन्नडमध्ये देतात, आमच्या भागात असंच बोलणं चालतं.

"गोळ्यांनी झालं का? त्या दिवशी तुमचा पेन थांबला होता."

त्या गोंधळल्या. पेन थांबलेला त्यांना आठवतही नव्हता. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली. म्हणाल्या, या गोळ्यांवर पुष्कळ अभ्यास झालेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. काहींमध्ये अशा गोळ्या घेणाऱ्या बायकांना हा आजार थोडा कमी दिसला, काहींमध्ये जास्त, काहींमध्ये फरकच नाही. "तुम्हाला गोळ्यांनी झालं असं मी म्हणणार नाही, आणि नाहीच झालं असंही शंभर टक्के म्हणणार नाही. कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर संशय घ्या." डॉक्टरला न विचारता वर्षानुवर्षं अशा गोळ्या खाणं पोटाला आणि मूत्रपिंडाला वाईट, हे मात्र त्यांनी ठासून सांगितलं.

मग कागद चाळत म्हणाल्या, "पण मला एक विचारायचंय. गाठ हाताला लागल्यापासून इथे येईपर्यंत इतके महिने का गेले? कुणीच तुम्हाला दाखवून या म्हणालं नाही?"

रेणुका शेजारी बसली होती. मी म्हणाले, "न्हाई."

बाहेर येऊन बाकावर बसले. मी आत खोटं बोलले होते. कारण एक जण म्हणाला होता.

जे मी कुणाला सांगितलं नव्हतं

काखेत ओढायला लागलं तेव्हा मी नेहमीसारखा खिडकीतून हात पुढे केला होता. सिद्रामने विचारलं, "आता कुठं दुखायलंय वैनी?" दिराला छातीचं कसं सांगणार? मी म्हणाले, "काखेत."

त्याने पट्टी ठेवली नाही. म्हणाला, "पाठ-गुडघ्याचं ठीक हाय. काखेतलं दुखणं गोळीचं काम न्हाई. बाई डॉक्टरला दाखवून या. तवर मी गोळी देत न्हाई."

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, ह्याची बायको बोलली असणार. जाऊबाईला फुकटच्या पट्ट्या डोळ्यांत खुपायला लागल्या असणार, आणि हा डॉक्टरचं नाव पुढे करतोय. मी खिडकीतून हात मागे घेतला आणि रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या मेडिकलमधून त्याच गोळ्या आणल्या. पुढचे सहा महिने तिथूनच आणल्या, पिशवीत शिवणाच्या दोऱ्यांखाली लपवून. त्याने अजून एकदा विचारलं, "दाखवलं का वैनी?" मी म्हणाले, "दाखवलं, काही न्हाई म्हणाले."

म्हणजे ज्या एका माणसाने मला जा म्हटलं होतं, त्यालाच मी आरोपी केलं होतं.

शनिवार गेला. रविवारी दुपारी हे भाकरी घेऊन माझ्यासमोर बसले आणि उद्या वाळू कुठे टाकायची ते सांगू लागले. मी ताट बाजूला सारलं आणि सगळं सांगितलं. खिडकी, काख, दुसरं मेडिकल, खोटं.

यांनी विचारलं, "मग सात महिने गप कामून बसलीस?"

मी म्हणाले, "कुणीतरी केलं म्हणल्यावर तुम्ही माझं सगळं करायलात. माझ्याच चुकीनं उशीर झाला म्हणलं असतं तर तुम्ही केलं असतं का, मला म्हाईत न्हवतं."

यांनी हात धुतला. भाकरी तशीच ठेवली. उठून बाहेर गेले. मी भिंतीला कान लावला, मला काही ऐकू आलं नाही. मी म्हटलं, झालं, आता दोघंही माझ्याविरुद्ध होणार.

थोड्या वेळाने सिद्राम दारात आला. हे मागे उभे होते. सिद्राम सात महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे मान वर करून बघत होता.

"तू का बोलला न्हाईस?" मी विचारलं. "दादानं एवढं झाडलं, तवा का सांगितलं न्हाईस, की मी जा म्हणलो होतो?"

"तुम्ही तवा धड होता का वैनी? तुमच्याशी काय भांडायचं होतं." तो जरा थांबला. "आन् तुमचा संशय काय खोटा न्हवता. घरात तसं बोलणं झालं हुतं. ही म्हणाली हुती, वैनी लई पट्ट्या न्यायल्यात, बंद करा म्हणून. तेवढ्यात तुम्ही काख म्हणालात. मी एका बोलण्यात दोन्ही कामं उरकून घेतली. तुम्हाला ते कळलं असंल म्हणूनच मी दुसऱ्यांदा हट्ट धरला न्हाई. हाताला धरून न्यायला पाहिजे हुतं."

जन्मभर मी लोकांवर संशय घेत आले आणि जन्मभर लोकांनी तो हसण्यावारी नेला किंवा भांडून परतवला. पहिल्यांदाच कुणीतरी समोर उभं राहून म्हणालं की तुमचं बरोबर होतं. आणि त्या बरोबर निघालेल्या संशयापायीच मी सहा महिने घालवले होते. मला त्याच्यासमोर रडू आलं. तो पुढे आला, खाली बसला, आणि यांनी अर्धवट टाकलेली ती जाड भाकरी बघून म्हणाला, "दादा, हे कोण थापायलंय?"

"मी," हे म्हणाले.

सोमवारी गवंडी आला, त्याला चहा पाजून परत पाठवला.